हळदीचा पंचनामा

ढाक्याच्या सुरकीपट्टी गल्लीत त्या वर्षी कावीळ आली ती जेठ महिन्यात, आंब्यांच्या बरोबरीनं, आणि आंब्यांसारखीच शेजारीपाजारी वाटली गेली. पहिला मान लुत्फर भाई शिंप्यांचा. सकाळी दाढी करताना आरशात बघून ते बायकोला म्हणाले, "आरसा खराब झालाय गं." बायको म्हणाली, "आरसा बरा आहे. तुमचं बघा." तोवर चार माणसं जमलीही होती, कारण या गल्लीत दाढी दारातच करतात.

असल्या वेळी शहाणा माणूस आपली खिडकी लावून घेतो. पण शेजारचे मोजम्मेल हक साहेब एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांची नजर मात्र अजून नोकरीत होती. कांदेवाला त्यांना लांबून बघितलं की तराजू पुसायला घेई. जगात जे काही बिघडतं ते कुठंतरी कुणीतरी माप मारल्यामुळं, असा साहेबांचा सिद्धांत होता. त्यामुळं गल्लीत दुसरी कावीळ झाली, तिसरी झाली, तेव्हा साहेबांनी कपाटातून पोलादी टेप काढली.

आणखी एक कारण होतं, आणि ते आतल्या खोलीत पलंगावर बसून लिची सोलत होतं. लेक झुमूर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत. आणि "माझ्या घरी चार कॅंडलचा फिल्टर आहे" हे साहेबांनी व्याह्यांना बोलावून, चहा पाजून, प्रत्यक्ष नळ सोडून दाखवलेलं. तीन मजली, निळ्या झाकणाचा तो फिल्टर बैठकीच्या खोलीत पाताबहाराच्या, म्हणजे रंगीत पानांच्या क्रोटनच्या, कुंडीशेजारी अशा जागी होता की पाहुण्यानं मान कुठंही वळवली तरी फिल्टर दिसावा.

तिसऱ्या काविळीनंतर आरोग्य खात्याच्या पारुल आपा छत्री टेकत आल्या. या बाईंनी अर्ध्या शहराचे जिने चढलेले. साडीचा काठ चिखलानं भरलेला, पण बोलणं धुतल्या तांदळासारखं.

"साहेब, ही कावीळ पाण्यातनं येते. संडासातनं गटारात, गटारातनं पाइपात, पाइपातनं पोटात. तिथनं यकृताला धरते. धडधाकट माणूस महिनाभर लोळतो आणि उठतो, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. पण शेवटच्या महिन्यातल्या पोटुशीला धरली तर..." त्यांनी आतल्या खोलीकडं बघून आवाज खाली आणला. "चारपाचांतली एक हाती लागत नाही."

साहेबांच्या हातातली टेप सर्रकन आपल्या डबीत परत गेली.

"आमच्याकडं फिल्टर आहे," ते म्हणाले. दुसऱ्याच्या पोराचं गाणं आपण ज्या चेहऱ्यानं ऐकतो त्या चेहऱ्यानं पारुल आपांनी फिल्टर पाहिला.

"छान आहे. गाळ धरतो. पण हा जंतू इतका बारीक, की याच्या चारी कॅंडलना सलाम करून पलीकडं जातो. पाणी उकळा. नुसतं कोमट नाही, खळखळ उकळी फुटू दे. आणि हात साबणानं."

"कंपनीची हमी आहे, आपा."

"जंतूनं ती वाचलेली नाही," पारुल आपा म्हणाल्या आणि छत्री उचलून पुढच्या जिन्याला लागल्या.

साहेब दुखावले. जोबेदा भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाराआड अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. ही त्यांची सवय साहेबांना फार आवडे. बायको गप्प आहे म्हणजे तिला पटलं आहे, असं ते चौतीस वर्षं मानत आले होते.

इकडं गल्लीनं आपले उपाय सुरू केले. पहिली गदा आली हळदीवर. पिवळ्या रोगात पिवळं खायचं नाही, हे सांगायला वैद्य कशाला हवा? अकरा घरांतल्या हळदीच्या डब्यांची स्वयंपाकघरांतून हकालपट्टी झाली. इलिश माशाचा रस्सा पांढरा, डाळ पांढरी, एका घरी तर खिचडी इतकी पांढरी झाली की जावयानं विचारलं, "कोण गेलं?" दुसरा उपाय उसाचा रस. लुत्फर भाई रोज नाक्यावर तीन ग्लास पीत, आणि त्यात टाकायचा बर्फ याच गल्लीच्या पाण्याचा होता हे विचारण्याइतकी उसंत कुणाला नव्हती. होमिओपाथ निरंजन बाबूंनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. "औषध जितकं पातळ तितकं जालीम," असं ते सांगत.

पण सगळ्यांवर कडी केली झाडपाल्याचं औषध देणाऱ्या केरामत कविराजांच्या माळेनं. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ही इवलीशी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तसतशी माळ लांबते. आधी डोक्यावर टोपीसारखी, मग कानांवरून गळ्यात, मग छातीवर. बेंबीला पोचली की रोगी बरा. गल्लीत आता तब्येत विचारायची पद्धत बदलली. "कसं काय?" असं कुणी विचारत नसे. "कुठवर आली?" असं विचारत.

"गळ्यापर्यंत."

"फक्त? आमच्या मेव्हण्याची आठव्या दिवशी पोटावर होती."

लांबी म्हटल्यावर मोजम्मेल साहेबांना राहवेना. ते रोज सकाळी टेप घेऊन लुत्फर भाईंची माळ मोजत आणि वहीत लिहीत. मग कविराजांकडून एक कोरी माळ आणून त्यांनी ती आपल्या घरच्या खुंटीला टांगली. आठ दिवसांत खुंटीवरची माळ नऊ बोटं लांबली. गाठी सैल मारलेल्या, मुळ्या सुकून आक्रसलेल्या. दोरा आपोआप सुटत जाई.

"लुत्फर भाई, कावीळ आपली आपण उतरते आणि माळ आपली आपण लांबते. खुंटीला काय कावीळ झाली होती?"

"खुंटी तुमची, साहेब," लुत्फर भाई खाटेवरून म्हणाले. "पाणी कुठलं पिते ते तुम्हालाच ठाऊक."

स्वतः केरामत कविराज झुमूरसाठी आगाऊ माळ घेऊन आले, तेव्हा जोबेदा भाभींनी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. कविराजांनी पेला उचलला, ओठांशी नेला, आणि हळूच विचारलं, "उकळलेलं आहे ना, भाभी?"

आता प्रश्न उरला पाइपाचा. पाण्याच्या ऑफिसात साहेब सकाळी गेले. तिथल्या कारकुनानं मोठा नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सुरकीपट्टीत पाइप नाही."

"नाही कसा? फुटलाय म्हणून तर आलोय."

"चाचा, जो पाइप नाहीच तो फुटेल कसा?"

"मग आमच्या नळाला पाणी कुठून येतं?"

"तेच आम्ही तुम्हाला विचारायला हवं," कारकून म्हणाला, आणि आवाजात जरब आली. तक्रार करायला गेलेले साहेब आरोपी होऊन घरी आले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कांदेवाल्याच्या जागी उभं राहून कसं वाटतं ते कळलं.

पण खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस खात्याची नाडी ओळखतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज टाकला: 'आमच्या गल्लीत पाइप नाही, असा दाखला मिळावा.' असा दाखला कुणी आजवर मागितला नव्हता. तो द्यायचा तर जागेवर येऊन, पाइप नाही हे डोळ्यांनी पाहावं लागतं, असा नियम निघाला. बुधवारी सकाळी उपसहायक अभियंता येणार, असं पत्र आलं. साहेबांनी ते झुमूरला दोनदा वाचून दाखवलं.

तोवर पारुल आपांची दुसरी फेरी झाली. त्यांनी साहेबांना बाहेर बोलावून उघड्या गटाराकडं बोट दाखवलं. काळ्या पाण्यातून एका गंजक्या पाइपाची पाठ वर आली होती, म्हशीसारखी.

"शहाळं नळीनं पिताना नळीला मध्येच भोक असलं तर काय होतं?"

"हवा येते."

"आणि भोक गटारात बुडालेलं असलं तर? पाणी येतं सकाळचे दोन तास, तेही रडत. ते शेजाऱ्याच्या आधी आपल्याला मिळावं म्हणून तुम्ही सगळ्यांनी पाइपाला थेट मोटरी जोडल्यात. मोटर ओढते. पाणी नसलं तर जे असेल ते ओढते."

साहेबांचे डोळे चमकले. गुन्हा सापडला होता. आता गुन्हेगार हवा. आणि तो त्यांच्या मते ठरलेलाच होता. लुत्फर भाईंची मोटर सुरू झाली की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत असे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. साहेबांच्याही जिन्याखाली एक मोटर होती. दीड हॉर्सपावरची, गल्लीतली सर्वांत दणकट. पण तिला ते मोटर म्हणत नसत. "पाण्याला थोडी मदत करतो," असं म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासणाऱ्या माणसाच्या घरी बहुधा तराजू नसतोच.

लुत्फर भाईंना रंगेहाथ पकडायचं तर रंग हवा. तो साहेबांना जेवताना, पांढऱ्या डाळीकडं खिन्नपणे बघत असता, सुचला. अकरा घरांतली हद्दपार हळद! गटारात हळद ओतायची. सगळ्या मोटरी बंद. मग एकेक चालू करायची, आणि कुणाच्या टाकीत पिवळं पाणी पडतं ते बघायचं. हळद गोळा झाली, साहेबांनी आपल्या प्रमाणित तराजूवर तोलली, साडेतीन किलो भरली. पण ती पाण्यात नीट विरघळेना, तळाशी बसे. तेव्हा निरंजन बाबूंनी जड अंतःकरणानं दवाखान्यातला स्पिरिटचा कॅन पुढं केला.

"जास्त पातळ करू नका हां," ते कळवळून म्हणाले. "जालीम होईल."

बुधवारी सकाळी उपसहायक अभियंता आला. तरुण होता, बूट पांढरे होते. गल्लीत पाय कुठं ठेवावा या विवंचनेत तो पहिली दहा मिनिटं एका पायावर उभा राहिला. गटारातल्या पाइपाकडं बघून म्हणाला, "हा पाइप नकाशात नाही."

"बरोबर. म्हणून तो नाही असं आम्ही समजतो," साहेब म्हणाले. "आता हा नसलेला पाइप काय करतो ते बघा."

हळद ओतली गेली. गटार सोन्यासारखं झळाळलं. गल्लीच्या इतिहासात इतकं देखणं ते कधी दिसलं नव्हतं. बायका गच्च्यांवर, पुरुष ओट्यांवर, लुत्फर भाई छातीपर्यंत माळ घालून खाटेवर. पारुल आपा छत्रीवर रेलून उभ्या. आधी लुत्फर भाईंची मोटर. कॅलेंडर थरथरलं. दहा मिनिटांनी टाकीच्या तोंडाशी पेला धरला. पाणी होतं तसंच. साहेबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे आमची कावीळ आमच्या मोटरीची नव्हे," लुत्फर भाई म्हणाले.

दुसरं घर, तिसरं घर. काही नाही. पाइपात ओढच बसेना. साहेब वही मिटणार तेवढ्यात पारुल आपा शांतपणे म्हणाल्या, "एक राहिली."

"कुठली?"

"जिन्याखालची."

"ती मोटर नाही, ती..." साहेब म्हणाले, आणि जिन्याकडं वळले.

दीड हॉर्सपावर सुरू झाली. गटारातल्या पाइपापाशी हळदीचं पाणी गरगर फिरू लागलं, त्याला चक्क भोवरा पडला. पाच मिनिटांनी पेला भरून आला. गढूळ, किंचित पिवळसर.

"लोह आहे," अभियंता तत्परतेनं म्हणाला. "या भागात पाणी पिवळंच असतं. रक्ताला चांगलं."

"असतं खरं पिवळं," साहेब पुटपुटले. त्या क्षणी जगात त्यांना वाचवणारा तो एकच माणूस होता. त्यांना वाटलं, हे इथंच थांबावं, दाखला मिळावा, सगळ्यांनी घरी जाऊन आंबे खावेत.

तेवढ्यात जोबेदा भाभी पायऱ्या उतरून खाली आल्या. एका हातात पानाचा डबा. त्यांनी नवऱ्याच्या हातून पेला घेतला, चुन्याच्या डबीत बोट बुडवलं, आणि ते बोट पेल्यात ढवळलं.

पाणी लाल झालं. कुंकवासारखं नव्हे, पण ज्यानं जन्मात एकदा तरी पांढऱ्या सदऱ्यावरचा रश्शाचा डाग साबणानं धुतला आहे त्याला ओळखू येण्याइतकं.

"लोह चुन्यानं लाल होत नाही, बेटा," भाभी अभियंत्याला म्हणाल्या. "हळद होते."

मोटरीची घरघर चालूच होती. साहेबांनी वर पाहिलं. सज्जात झुमूर उभी होती, एक हात कठड्यावर, एक पोटावर.

इथं कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, की मोटर सगळ्यांचीच असते. खरंही होतं ते. मोजम्मेल साहेब घरात गेले. लोकांना वाटलं, तोंड लपवायला गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात निवृत्तीच्या दिवशी खात्यानं आठवण म्हणून दिलेली जुनी सीलपकड होती, तार होती आणि शिशाची टिकली होती. त्यांनी मोटर बंद केली, वायर उपटली, पाइप सोडवला, आणि एकतीस वर्षांत खोट्या तराजूंना मारलं तसं आपल्या मोटरीला सील मारलं. मग ओट्यावर बसून पंचनामा लिहिला. आरोपी: मोजम्मेल हक. पकडणारा: मोजम्मेल हक. पंच म्हणून निरंजन बाबूंनी सही केली आणि लुत्फर भाईंनी खाटेवरून.

सही करून लुत्फर भाई पेन हातातच धरून राहिले. मग म्हणाले, "साहेब, ते सील अजून आहे का? माझीही करून टाका. कॅलेंडरला आराम पडेल."

संध्याकाळपर्यंत अकरा मोटरींना सील लागलं. पारुल आपांनी जाताना साहेबांना छत्री कपाळाला लावून सलाम ठोकला. असा सलाम त्यांना खात्यातही कुणी ठोकला नव्हता. पाण्याच्या ऑफिसनं पाइप नसल्याचा दाखला नाकारला, म्हणजेच पाइप नकाशात आला, आणि महिन्याभरात गटाराबाहेरून नवा टाकला गेला. तोवर लोक नाक्यावरच्या नळावर रांगेत उभे राहत, आणि प्रत्येक चुलीवर पातेलं खळखळत असे.

पण साहेबांची झोप गेली होती. त्या रात्री त्यांनी जोबेदा भाभींना विचारलं, "झुमूर आल्यापासून कुठलं पाणी पिते?"

"उकळलेलं. नमाजाआधीच्या वजूच्या चुळीलासुद्धा उकळून गार केलेलं देते."

"आणि फिल्टरमध्ये?"

"त्यातही उकळलेलंच ओतते. पहाटे. तुम्ही उठायच्या आत."

साहेबांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि लगेच दुप्पट होऊन बसला. कारण जोबेदा भाभी बहिणीकडं गेल्या होत्या त्या एका दुपारी, फिल्टर रिकामा दिसला म्हणून, त्यांनी स्वतः नळाचे दोन तांबे त्यात ओतले होते. आणि मोठ्या अभिमानानं पहिला पेला झुमूरला दिला होता. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. पारुल आपांना मात्र आडून विचारलं, की रोग दिसायला किती दिवस लागतात. "दोन आठवडे ते आठ," त्या म्हणाल्या. साहेबांनी कॅलेंडरवर आठ आठवडे मोजून एका तारखेला बारीक टिंब केलं. मग रोज सकाळी झुमूरला उजेडात बसवायचं, "जरा हे बारीक अक्षर वाच बरं" म्हणून वर्तमानपत्र तिच्या पुढ्यात धरायचं, आणि वरून तिचे डोळे बघायचे. झुमूरला त्या सात आठवड्यांत देशाच्या राजकारणाची इतकी माहिती झाली की ती नवऱ्याला फोनवर सल्ले देऊ लागली. डोळे पांढरेशुभ्र.

टिंबाच्या सहा दिवस आधी ती इस्पितळात बाळंत झाली. मुलगी. तीन किलो शंभर ग्रॅम. वजन साहेबांनी काटा शून्यावर आहे ना हे स्वतः बघून मग मान्य केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुपटं उलगडलं, तर बाळ पिवळं.

साहेबांनी बाळाला खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं, तरी पिवळंच. गल्लीत बातमी पोचायला तीन मिनिटं लागली, आणि केरामत कविराजांकडून बांगडीएवढी माळ यायला पंधरा. डॉक्टरीण बाईंनी बाळाचे डोळे, पोट, तळवे बघितले, रक्ताचा थेंब तपासायला पाठवला, आणि संध्याकाळी कागद हातात घेऊन म्हणाल्या, "निम्म्याहून जास्त बाळं अशी होतात. ही ती कावीळ नाही. आईचं दूध पाजत राहा, चार दिवसांनी पुन्हा आणून दाखवा. आजोबा, तुम्ही का रडताय?"

तेव्हा साहेबांनी सगळं सांगितलं. नळ, दोन तांबे, तो पेला. जोबेदा भाभींचा अडकित्ता हवेत राहिला.

झुमूर मात्र टाके सांभाळत हसू लागली. "अब्बा, मी फिल्टरचं पाणी कधी प्यालेच नाही. पहिल्याच दिवशी अम्मानं सांगितलं होतं, अब्बा देतील तो पेला हसून घे, आणि त्यांची पाठ वळली की कुंडीत ओत. अम्मा घरी नसली की त्यात काय असेल, भरवसा नाही म्हणे."

साहेबांना पाताबहाराचं झाड आठवलं. जेठात गुडघ्याएवढं होतं, आता खिडकीच्या गजांना लागलं होतं. मध्यंतरी सुनेला बघायला आलेल्या व्याह्यांना पुन्हा फिल्टर दाखवताना, झाडाकडं बोट करून त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, "पाण्याचा गुण बघा!"

घरी परतताना ते जोबेदा भाभींसोबत रिक्षात बसले. मग म्हणाले, "फिल्टर कुचकामी आहे, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. मग पहाटे उठून, उकळून, त्यातच कशाला ओतत होतीस? मला तोंडावर सांगायचं."

जोबेदा भाभींनी पान तोंडात घातलं, चुन्याचं बोट पुसलं.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "पण पाहुण्यांना त्याचा नळ सोडून दाखवताना तुम्ही किती रुबाबदार दिसता!"

दुसऱ्या दिवशी पहाटे भाभी उठल्या तर चुलीवर पातेलं खळखळत होतं, आणि साहेब समोर स्टुलावर घड्याळ घेऊन बसले होते. पाणी निवल्यावर त्यांनी ते फिल्टरमध्ये ओतलं, निळं झाकण लावलं, पुसलं. मग पहिला पेला भरून घेतला आणि झुमूरसारखाच पाताबहाराकडं नेला. हात थबकला. झाडाची पानं हिरवी होती, आणि त्यांवर पिवळे ठिपकेच ठिपके.

पाताबहार मुळात तसाच असतो म्हणा. पण साहेबांनी टेप काढून त्याची उंची वहीत लिहून ठेवली, आणि पाणी स्वतः प्यायले.